कॅज्युअल्टीतला शेवटचा शिमगा

धुळवडीच्या दिवशी आमच्याकडे येणाऱ्या माणसाला आधी धुवावं लागतं. जखम नंतर. डोक्यापासून पायापर्यंत लाल, जांभळा, चंदेरी झालेला माणूस स्ट्रेचरवर आडवा असतो, सोबतचे ‘रक्त थांबत नाहीये’ म्हणून ओरडत असतात आणि त्यातलं रक्त कोणतं नि रंग कोणता, हे नुसतं बघून सांगता येत नाही. मग सलाईनच्या बाटल्या फोडून त्याला भिजवायचं. हात फिरवत राहायचं. रंग गार लागतो, रक्त कोमट. हातमोज्यातूनसुद्धा ते कळतं. आणि रंग पुसला की जातो. रक्त पुसलं की पुन्हा येतं.

यंदा होळीच्या आठवडाभर आधी सोसायटीच्या गच्चीवरून पोरांनी फुगा मारला. माझ्या पायाशी फुटला, साडीचा काठ भिजला. मी वर बघून ओरडायच्या आधी मनात आलं, आता चार दिवसांत डोळ्याला फुगा लागलेलं पहिलं पोर येईल. आमच्याकडे शिमग्याची चाहूल अशी लागते. मग होळीच्या आदल्या दिवसापासून डोकी फुटायला लागतात. होळीच्या संध्याकाळी भाजलेले येतात. आमच्या रुग्णालयाच्या मागच्या गावठाणात ढोल वाजत असतो, बायका फेर धरून गाणी म्हणत असतात, त्यांचा आवाज खिडकीतून आत येतो आणि आत आम्ही कोणाच्या तरी पोटरीवरची जळलेली कातडी चिमट्याने सोडवत असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन चढलं, दारू चढली, की मग खरा शिमगा.

मी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स आहे. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं कॅज्युअल्टीत गेली, आता तिथलीच इन-चार्ज आहे. मे महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार. म्हणजे हा शिमगा शेवटचा. भेटेल तो विचारतो, “काय गायकवाड सिस्टर, मग आता आराम?” मी “हो ना” म्हणते. आमच्या वन्सं म्हणतात, विपश्यनेला जाऊन या, मन शांत होईल. शेजारच्या देशपांडे बाई म्हणतात, आमच्या भिशीत या. सगळ्यांना वाटतं की मला रिकामपणाची भीती वाटत असेल. रिकामपणाची नाही वाटत. मला भीती वाटते ती माझ्याबरोबर घरी काय येईल याची.

इतकी वर्षं फुटलेली माणसं बघितली की शाबूत माणसांकडे बघायची नजरच जाते. भाजीवाला भोपळा कापत असतो तेव्हा मी भोपळ्याकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. लग्नात नवऱ्यामुलाला हार घालतात तेव्हा त्याच्या मानेवर शीर कुठे उडतेय ते मला दिसतं. रस्त्याच्या कडेला रचलेले पेव्हर ब्लॉक दिसले की कवटी कशी आत जाते ते आठवतं. ट्यूबलाइट फोडून मारली तर काच मांसात कशी हरवते, चॉपरची जखम कशी तोंड उघडल्यासारखी दिसते, बॅटने मारलेल्या माणसाचा कान कसा फुगतो, हे सगळं मला, गिरणीवाल्याला पीठ बघून दळण कुठलं ते कळावं, तसं कळतं. आणि खरं सांगायचं तर, त्या गदारोळात मला बरं वाटतं. दार धाडकन उघडतं, स्ट्रेचर आत येतं, आणि माझ्या अंगात काहीतरी ताठ उभं राहतं. ते काय आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. गेल्या वर्षीच्या धुळवडीने करायला लावला.

त्या दिवशी दुपारी दिवा गावाहून एका मुलाला रिक्षातून आणलं. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. पाठीवर खांद्यापासून खाली चॉपरचा वार, दुसरा वार हाताने अडवलेला, त्यामुळे तळहात चिरलेला. अंगभर हिरवा रंग. आम्ही त्याला धुतलं तेव्हा फरशीवर हिरवं-तांबडं पाणी पसरलं आणि आमच्या वॉर्डबॉयचा, दत्तूमामांचा, त्यात पाय घसरला. डॉक्टर पाठीवर दाबून धरत होते, मी दुसऱ्या हाताला सलाईन लावत होते, माझ्या हाताखालची प्रणाली रक्ताचा नमुना घेत होती. प्रणाली तेव्हा कॅज्युअल्टीत नवी होती. हुशार, पण आवाज ऐकला की दचकायची.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. दार उघडलं आणि चारपाच पोरं आत घुसली. पुढच्याच्या हातात चॉपर होता. तोंड पूर्ण चंदेरी, फक्त डोळे आणि दात दिसत होते. दत्तूमामा आडवे गेले. त्यांना त्याने असं ढकललं की ते ड्रेसिंगच्या कपाटावर जाऊन आदळले आणि कपाटाची काच खाली आली. बाटल्या फुटल्या. स्पिरिटचा वास भपकन नाकात गेला. प्रणाली मध्ये होती. तिला त्याने वेणीला धरून बाजूला फेकलं. डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. डॉक्टर त्या मुलाच्या अंगावर वाकून ओरडत होते, “सिक्युरिटी! अरे कोणीतरी पोलिसांना बोलवा!”

चंदेरी तोंडाच्या पोराने चॉपरचा हात वर केला. कॉटवरचा मुलगा पालथा होता, त्याला काही दिसत नव्हतं. माझ्या बाजूला ऑक्सिजनचं सिलिंडर होतं आणि त्याच्या मानेला ते उघडायचा लोखंडी पाना लटकलेला होता. तो मी कधी उचलला ते मला आठवत नाही. आठवतो तो आवाज. सुकी फांदी पायाखाली यावी तसा. चॉपर फरशीवर पडला, तो मनगट धरून गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या मागची पोरं जशी आली तशी पळाली.

माझा हात दुसऱ्यांदा वर गेला होता.

चॉपर खाली पडलाय हे मला दिसत होतं. तो बसलाय, रडतोय, हे दिसत होतं. तरी हात वर होता, पान्यासकट, आणि नजर त्याच्या डोक्यावर. कुठे मारलं तर काय होईल हे मला पक्कं माहीत होतं. आणि मला मारायचं होतं. माझ्या कॅज्युअल्टीत येऊन माझ्या माणसांना मारतोस! त्याला त्या हिरव्या-तांबड्या पाण्यात लोळवायचं होतं. प्रणालीने मागून दोन्ही हातांनी माझं कोपर धरलं. तिच्या भुवईवरून रक्त वाहत होतं.

“सिस्टर, बस! सिस्टर, झालं! पडलंय ते त्याच्या हातातून!”

मी पाना खाली ठेवला. हात काही वेळ तसाच अर्धवट वर राहिला. तो खाली यायलाच तयार नव्हता.

पोलीस आले. पाठीवर वार झालेल्या मुलाला पट्ट्या घट्ट बांधून मोठ्या रुग्णालयात हलवलं. तो वाचला, हे पुढे कळलं. आणि मागे राहिला तो मनगट मोडलेला. त्याला बाकावर बसवलं, शेजारी हवालदार. एक्स-रे काढला, हाड दोन ठिकाणी गेलेलं. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, ओढून धरायला कोणीतरी लागेल.” प्रणालीच्या भुवईला टाके घालायचे होते, दत्तूमामांची पाठ धरली होती. मीच होते.

म्हणून मी त्याचा हात धरला. कोपरापाशी एक हात, बोटांना एक, आणि डॉक्टर सांगतील तसं खेचत राहिले. त्याच्या तोंडावरचा चंदेरी रंग घामाने आणि डोळ्यांतल्या पाण्याने ओघळत होता. खालून एक साधा, पुळ्या आलेला चेहरा निघाला.

“मावशी, दुखतंय ओ.”

“दुखणारच. बोटं हलव.”

“नाय हलत.”

“हलतील. अंगठ्यापासून सुरू कर.” मग मी विचारलं, “का मारलंस त्याला?”

त्याने अंगठा हलवून बघितला. मग म्हणाला, “पाणी ओतलं त्यांनी.”

“काय?”

“आमचं पिंप. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं आमच्याकडे. आई सकाळपासनं टँकरला उभी राहिलेली. एकेक हंडा करून भरलेलं पिंप. मी झोपलेलो. ह्या लोकांनी येऊन सगळं पिंप उलटं केलं, रंग खेळायला. आई बोलायला गेली तर तिला पण भिजवली. हसत होते साले.” आणि तो हमसून रडायला लागला. पाण्यासाठी, आईसाठी की हातासाठी, ते मला कळलं नाही. डॉक्टरांनी ओले पट्टे गुंडाळायला सुरुवात केली. माझ्या हातातली त्याची बोटं गरम होती. त्याच्यात आणि माझ्यात काय फरक होता? त्याच्याही मागून कोणीतरी ‘बस, झालं’ म्हणत कोपर धरायला हवं होतं. तेवढाच.

प्लास्टर सुकत असताना त्याची आई आली. बारीक अंगाची, साडी अजून ओलसर, एका बाजूने गुलाबी डाग पडलेला. तिने हवालदाराला नमस्कार केला, पोराकडे बघितलं आणि मला विचारलं, “हात कोणी मोडला?”

“मी,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. माझे पांढरे कपडे रंगाने आणि रक्ताने भरले होते.

“एवढ्या जोरात मारायचं होतं?”

“हो,” मी म्हटलं. “मारणारच होता तो.”

ती वळली. पोराच्या शेजारी बसली, पदराने त्याचं तोंड पुसायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, “प्यायला पाणी मिळेल का हो?” मी पेला भरून आणला. तिने तो पोराला दिला. मी दुसरा आणला. तो तिने एका दमात संपवला आणि रिकामा पेला मांडीवर धरून तशीच बसून राहिली.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा यजमानांनी दार उघडलं आणि माझे कपडे बघून गीझर लावला. यजमान म्हणजे यशवंतराव. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मी आंघोळ करून आले तर चहा तयार होता.

“सुलू, तू राजीनामा दे. उद्याच. एक वर्ष राहिलंय, त्याने काय बिघडतंय?”

“मला काही झालेलं नाही अहो.”

“झालं असतं म्हणजे?”

मग मी त्यांना सांगितलं. पान्याचं नाही, ते त्यांना फोनवरच कळलं होतं. दुसऱ्यांदा वर गेलेल्या हाताचं सांगितलं. म्हटलं, तो खाली येत नव्हता. आणि मला छान वाटत होतं अहो. इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मला वाटलं ते घाबरतील. ते चहा ढवळत बसले. मग म्हणाले, “मी आपला माळा तोडला होता, आठवतंय?”

आठवत होतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मी ड्युटीवरून आले तर स्वयंपाकघरावरचा सिमेंटचा माळा त्यांनी घणाने फोडून खाली पाडलेला. घरभर धुरळा, डबे वाकलेले, आणि हे बनियनवर मध्ये उभे, केसांपासून भुवयांपर्यंत पांढरे. मी ओरडले होते, “अहो, हे काय चाललंय?” तेव्हा म्हणाले होते, ओल येत होती. मी चार दिवस बोलले नव्हते.

“ओल वगैरे काही नव्हती,” ते म्हणाले. “दिवसभर धाड धाड ऐकून आयुष्य गेलेलं. प्रेस खाली यायचा तर जमीन हलायची, पोटात कळायचं. घरी बसलो तर काहीच नाही. हात शिवशिवायचे. भिंतींकडे बघायचो. एकदा तू झोपली होतीस दुपारची, तर तुझ्याकडे बघत बसलो होतो आणि मला माझीच भीती वाटली. मग घण आणला.”

तीन वर्षं त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. प्रेसमध्ये गेलेलं करंगळीचं टोक मला पाठ आहे, तरी त्या दिवशी ते पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटलं. आम्ही दोघं म्हातारी होत चाललेली माणसं, एका ओट्यापाशी बसलेली, आणि दोघांच्याही अंगात एवढी मारामारी भरून ठेवलेली.

मी राजीनामा दिला नाही.

पुढे पावसाळ्यानंतर आम्हाला ठाण्याला एका शिबिराला पाठवलं. निवृत्तीपूर्व मार्गदर्शन. एसी हॉल, बिस्किटं, आणि एक तरतरीत मुलगी माइकवर. तिने सांगितलं, छंद जोपासा, जोडीदाराशी संवाद वाढवा. मग म्हणाली, सगळ्यांनी डोळे मिटा आणि निवृत्तीनंतरची पहिली सकाळ डोळ्यांसमोर आणा. मी डोळे मिटले. मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. स्वच्छ, ऊन आलेलं. मी विळीवर बसलेय, कांदा चिरतेय. बाहेर कोणी ओरडत नाही. कोणी येत नाही. पात्याची धार चकाकतेय आणि मी त्या धारेकडे बघत बसलेय. मी डोळे उघडले. शेजारी एक आडदांड गृहस्थ बसले होते, त्यांचेही डोळे उघडे.

“कुठे असता?” ते कुजबुजले.

“कॅज्युअल्टी. तुम्ही?”

“अग्निशमन.” मग अजून खाली वाकून म्हणाले, “ताई, आमच्याकडे कुकरची शिट्टी झाली तरी मी बूट शोधतो.”

मला हसू आवरेना. त्यांनाही. माइकवरची मुलगी आमच्याकडे बघायला लागली. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, आणि त्या माणसाने मुकाट्याने आपला रुमाल काढून मला दिला.

त्या दिवशी परतताना मी एक गोष्ट ठरवली. घण आणायची वेळ येऊ द्यायची नाही. माझ्या अंगात जे ताठ उभं राहतं ते इथेच, कॅज्युअल्टीतच, बसवून टाकायचं, अजून नोकरीत आहे तोवर. हे बोलायला सोपं होतं. हिवाळाभर मी प्रयत्न करत होते. दार उघडलं की पहिली धाव माझी असायची, ती मी थांबवायला शिकत होते. दाताने ओठ दाबून भिंतीपाशी उभी राहायचे. प्रणालीला पुढे जाऊ द्यायचे. एकदा एका बाईला तिच्या नवऱ्याने उकळतं तेल टाकून जाळलेलं, आणि तो तिथेच उभा राहून ‘पडलं हातून’ म्हणत होता. त्याच्या गळ्याकडे बघत मी माझ्याच मांडीला इतका चिमटा काढला की आठवडाभर काळं-निळं होतं.

आणि मग या वर्षीची धुळवड आली.

दुपारी एका माणसाला आणलं. दारू पिऊन मोटरसायकलवरून पडलेला, छाती चेपलेली. बरोबर अख्खी गल्ली. वीसेक माणसं एकदम आत, सगळी रंगलेली, सगळी प्यायलेली. “डॉक्टर कुठेय? मरायला सोडलंय का ह्याला?” भाऊ होता बहुतेक, तो सगळ्यात पुढे, त्याने सलाईनचा स्टँडच आडवा केला. मग स्टूल उचललं आणि भिरकावलं. ते प्रणालीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटलं. डॉक्टर आतल्या खोलीत टाके घालत होते, सिक्युरिटीवाला दारातच अडकला होता. मी भिंतीपाशी होते. सिलिंडर माझ्या डाव्या हाताला. माझं अख्खं अंग पुढे निघालं होतं, टाचा उचलल्या गेल्या होत्या. प्रणालीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही.

ती दचकली नाही. खाली वाकली, पडलेली सलाईनची बाटली उचलली आणि त्या भावाच्या छातीवर दाबली. “हे धर. वर धर! अजून वर! खाली आलं तर तुझा भाऊ जाईल, समजलं?” तो क्षणभर बघत राहिला. मग त्याने बाटली धरली. हात वर करून, तोंड उघडं टाकून उभाच राहिला. तिने सगळ्यात जास्त किंचाळणाऱ्या बाईच्या हातात कापूस कोंबला, “इथे दाबून धरा, सोडायचं नाही.” अजून दोघांना पिटाळलं, एकाला रक्तपेढीत, एकाला केसपेपर काढायला. तिचा आवाज चिरका होता, पण पाच मिनिटांत ती गर्दी कामाला लागली होती. इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी नेहमी भिडले होते.

गर्दी पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. तोंड लाल झालं होतं.

“तुम्ही का नाही आलात? बघत काय होतात? एकटी होते मी!”

“मे नंतर पण एकटीच असशील.”

“म्हणून? स्टूल डोक्यात बसलं असतं तर?” तिचा आवाज फाटला. “माझ्यावर प्रयोग करताय का, सिस्टर?”

तिचं खरं होतं. गेल्या धुळवडीला भिंतीवर आपटलेलं डोकं तिचं होतं, आणि मी माझ्या हाताला वळण लावण्यासाठी तिला पुन्हा पुढे उभं केलं होतं. आणि मे महिन्यानंतर ती एकटीच असणार होती. दोन्ही खरं होतं, आणि मला त्यातलं एक निवडता येत नव्हतं. ती पाठ फिरवून हातमोजे बदलायला गेली. मी हात ॲप्रनच्या खिशात घातले.

इतक्यात दार धाडकन उघडलं. स्ट्रेचर आत आलं, वर एक पोरगी, जांभळ्या रंगाने माखलेली, हालचाल नाही. मागे तिचा बाप, अनवाणी. माझे पाय आपोआप निघाले. मी कॉटपाशी पोचले, पोरीच्या गळ्यावर नाडी बघायला हात पुढे केला. प्रणाली दुसऱ्या बाजूने आली होती. तिची बोटं आधीच तिथे होती. ती वर न बघता म्हणाली, “बाजूला व्हा.”

ते बापाला होतं की मला, ते मी विचारलं नाही. आम्ही दोघंही बाजूला झालो.